दारात कोण होतं

७ जुलै, सोमवार

प्राचार्यांनी आज बोलावून मला 'विद्यार्थिनी स्वास्थ्य प्रभारी' केलं. पद भारदस्त, खोली मात्र ग्रंथालयामागची, जिथं खडूचे खोके आणि गेल्या स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे मुकुट ठेवतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईला द्यायला यांच्याकडे दुसरं काही नसावं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एकतीस मुलींची मनं बघणार, मग माझ्याकडे कधी बघणार?" छत्तीस वर्षं बघतेच आहे, तिथं बघण्यासारखं फार काही निघालं नाही, असं सांगून चहा ठेवला.

काम असं. आठवीच्या प्रत्येक मुलीला आठवड्यातून एकदा एकटीला बोलवायचं, पाच मिनिटं बोलायचं, ती काय म्हणाली ते रजिस्टरमध्ये लिहायचं. काही वावगं दिसलं तर आधी प्रांजलीला फोन. ही प्रांजली समुपदेशक आहे, इथं ग्वाल्हेरातच सिटी सेंटर भागात तिच्या संस्थेचं ऑफिस. माझ्या सुनेच्या वयाची, आपल्यातलीच. पण दोन वाक्यं मराठीत बोलली की तिसरं हिंदीत घसरतं. म्हणाली, "अनसूयाताई, छापील प्रश्न विचारले तर मुली छापील उत्तरं देतात. तिची भाषा, तिचं घर, तिचे रीतिरिवाज, उसी हिसाब से पूछिए." हे मला पटलं. इतकं साधं सांगायला तिला पडद्यावर चाळीस चित्रं दाखवावी लागली, ते सोडा.

तिची भाषा म्हणजे मातृभाषा. वर्गात अकरा मुली मराठी आहेत. त्यांच्याशी मी मराठीतच बोलणार आणि त्यांनीही मराठीतच बोलायचं. मातृभाषेत माणूस खोटं बोलू शकत नाही, असं माझं मत आहे.

१० जुलै, गुरुवार

प्रश्न मी माझेच काढले, तीनच. काय खाऊन आलीस? कोणी करून दिलं? निघताना दारात कोण होतं? 'तू आनंदी आहेस का' विचारलं तर आपली मुलगी मान खाली घालून हो म्हणेल. पण दारात कोण होतं विचारलं की सगळं घर बाहेर येतं. आज एका मुलीच्या दारात कोणीच नव्हतं, दुसरीच्या दारात बाबा होते आणि ते रागावलेले होते. दोघींशी निवांत बोलले. प्रांजलीला प्रश्न कळवले तर ती खूश. म्हणाली, हे मी बाकीच्या शाळांना सांगू का? सांग म्हटलं, फक्त मराठीत सांग.

१७ जुलै, गुरुवार

आज सोनिका भोईटे. शिंदे की छावणीतले भोईटे, विश्वासरावांची नात. पूर्वीचं लष्करी घराणं, विश्वासराव अजून मिशीला पीळ देऊन बोलतात. मुलगी अबोल, डोळे मोठे आणि कायम दाराकडे.

पोहे खाऊन आली होती. कोणी केले विचारलं तर म्हणाली, "मी बनवले." मी सांगितलं, बनवले नाही, केले. दारात कोण होतं? "आई. मी तिला दारापर्यंत घेऊन येते, मग आजोबांजवळ बसवते, मग निघते." तेरा वर्षांची पोर स्वतः न्याहारी करते, आईला नमस्कार करून निघते. हल्ली कुठं पाहायला मिळतं हे? मी तसं बोलूनही दाखवलं.

मग ती एकदम म्हणाली, "कभी-कभी स्कूल आने का मन नहीं करता, मॅडम. लगता है पीछे से…" मी थांबवलं. मराठीत सांग, आणि मॅडम नाही, बाई. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "बरं आहे, बाई."

रजिस्टरमध्ये लिहिलं: बरं आहे.

२४ जुलै, गुरुवार

सोनिका आज माझ्या तासाला चक्क झोपली. भोवती मुली खिदळल्या, तशी दचकून उठली आणि पहिल्यांदा दप्तर चाचपलं. नंतर खोलीत बोलावून विचारलं, रात्री काय करतेस? म्हणाली, "नींद आ जाती है तो डर लगता है." पुन्हा हिंदी! मी म्हटलं, मराठीत नीट सांग, काय करतेस रात्री? "जागते," म्हणाली. कशासाठी? त्यावर दप्तर जवळ ओढलं.

मोबाईल, दुसरं काय. आमच्या घरी नातवंडं येतात तेव्हा हेच चालतं. रात्री नऊनंतर मोबाईल आईकडे द्यायचा, असं बजावलं. तिनं मान हलवली. रजिस्टरमध्ये लिहिलं: बरं आहे, मोबाईलबद्दल समज दिली.

४ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसातले सूर्याजी गाऱ्हाणं घेऊन आले. सोनिका रोज मधल्या सुट्टीत ऑफिसच्या फोनवरून घरी फोन करते. एकच वाक्य बोलते, "आई, काय करतेस?" उत्तर ऐकते आणि ठेवून देते. एक दिवस तिकडून कोणी उचलला नाही तर उभी राहून सात वेळा लावला. शेवटी आजोबांनी उचलला, तेव्हा कुठं डबा खायला गेली.

मी तिला गमतीनं 'आईवेडी' म्हटलं. हसली नाही. खेळाच्या तासालाही दप्तर पाठीवर घेऊन धावते, खुंटीला लावत नाही. खेळाच्या बाई वैतागल्या आहेत. मी म्हटलं, जाऊ द्या, एकेका मुलीची एकेक तऱ्हा असते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सोनिका: बरं आहे.

आज प्रांजली आली होती, रजिस्टर चाळलं. सोनिकाच्या पानावर थांबली. "हिचं प्रत्येक वेळी 'बरं आहे'च आहे, ताई?" मी सांगितलं, घर चांगलं आहे, संस्कारी आहे. ती म्हणाली, एकदा मी बोलू का तिच्याशी? मला ते लागलं. सहा आठवडे मी बोलते आहे आणि हिला एका दिवसात काय सापडणार आहे? म्हटलं, गौरी-गणपती होऊ देत, मग बघू.

१ सप्टेंबर, सोमवार

भोईट्यांकडे गौरींचं हळदीकुंकू. मन प्रसन्न झालं. सोनिकाची आई यशश्री मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आली. काय तिची मराठी! ग्वाल्हेरात राहून राहून आपल्या तोंडाला गंज चढलाय, तो अशी बाई बोलली की कळतो. इथं तिला फारसं कोणी नाही. नवरा समरजीत नोकरीपायी भोपाळला, शनिवारी येतो. दोनतीन वर्षं तिची तब्येत बरी नसायची म्हणे, बाहेर पडत नसे. कशानं, ते विश्वासराव बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्या घरात असलं काही नसतं. अशक्तपणा होता, गेला." खरंच गेला असावा, कारण आज ती अगदी शांत होती. कुठं घाई नाही, कपाळाला आठी नाही.

ओटीत प्रत्येकीला काही ना काही दिलं. शेजारणीला स्वतःची चंदेरी, मोलकरणीला दोन साड्या. मला आत नेऊन तिच्या आईचा चांदीचा करंडा हातात ठेवला. मी नको नको म्हटलं. म्हणाली, "तुमच्याकडे राहू दे, बाई. सोनिका मोठी झाली की द्या." मी म्हटलं, अगं, तूच दे की तुझ्या हातानं. ती हसली आणि करंड्याचं झाकण नीट लावून दिलं.

सोनिका दाराशी उभी राहून पाहत होती. मी जवळ बोलावलं तर आईच्या पदराला धरून उभी राहिली, एवढी मोठी मुलगी. लहान मुलासारखं वागू नकोस, आईला पाहुण्यांकडे बघू दे, असं मीच तिला म्हटलं.

करंडा देवापुढं ठेवला आहे. ह्यांना दाखवला. ह्यांनी विचारलं, एवढं जुनं घरातलं तुला कशाला दिलं? कौतुक म्हणून पाहताच येत नाही ह्यांना.

११ सप्टेंबर, गुरुवार



सातव्या तासाला दप्तरं तपासली, वर्गात कुणाचं तरी घड्याळ हरवलं होतं. सोनिका दप्तर सोडेना. शेवटी मी तिला माझ्या खोलीत आणलं आणि स्वतः उघडलं. पुस्तकांखाली तिच्या आजीचा असावा असा खणाचा बटवा. आत गोळ्यांच्या पट्ट्या, तीनचार प्रकारच्या, काही विश्वासरावांचं नाव लिहिलेल्या पाकिटातल्या. भाजी चिरायची सुरी, रुमालात गुंडाळलेली. आणि एक मोठी किल्ली. कुठली विचारलं तर म्हणाली, गच्चीची.

मी दार लावून घेतलं. सोनिका, हे काय आहे? तुझ्या मनात काय आहे, बाळा? तू स्वतःला काही करणार होतीस का? तिनं जोरानं मान हलवली. मग बटवा दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "घर पे मत देना. किसी को भी मत देना. आप रख लो, पर घर मत देना."

मी म्हटलं, घाबरू नकोस, मराठीत सांग, मी तुझी बाई आहे ना.

तिचे ओठ हलले. शेवटी म्हणाली, "माझंच आहे." आणि रडायला लागली. पकडलेलं प्रत्येक मूल घरी सांगू नका म्हणतं, मी चौतीस वर्षं ऐकते आहे. पण असं रडणं ऐकलं नव्हतं. मलाही रडू आलं.

बटवा मी ठेवून घेतला. नियमानं प्रांजलीला फोन करायचा. फोन हातात घेतला होता. पण एकदा तिकडे कळलं की फाईल होणार, कागदावर नाव येणार. इथं आपली मोजकी घरं. भोईट्यांची नात अशी, हे चार दिवसांत बाड्याच्या बाजारापर्यंत पोचेल आणि पोरीला ते जन्मभर पुरेल. तिची आई समंजस आहे. लेकीचं दुखणं आधी आईला कळायला हवं, हीच आपली रीत. उद्या सकाळी मीच जाते. रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी पावणेबारा, शिक्षक-खोलीत

जाऊन आले. मनावरचं ओझं उतरलं.

विश्वासराव ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांना काही बोलले नाही, बायकांचं काम आहे म्हणून सरळ आत गेले. यशश्री स्वयंपाकघरात एकटीच बसली होती, समोर काही काम नव्हतं. मी बटवा पुढं केला आणि हळूच सगळं सांगितलं: सोनिकाच्या दप्तरात निघाला, बहुतेक तिच्या मनात काहीबाही येतं, रागावू नकोस, जवळ घे, मी कागदावर काही येऊ दिलेलं नाही. वाटलं होतं, ती हादरेल, रडेल. काही नाही. बटवा तिनं प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला. उघडून पाहिला, किल्ली बोटांनी चाचपली. "हिनं नेलं होतं होय," एवढंच म्हणाली. "मी किती शोधलं."

मी पुन्हा सांगितलं, ओरडू नकोस हं तिला. तर म्हणाली, "आता नाही ओरडणार, बाई. कशालाच नाही." मग माझ्या पाया पडली. अशा घरात मूल सुखरूपच असणार.

मधल्या सुट्टीत सोनिकाला सांगेन, म्हणजे तिचाही जीव हलका होईल. घंटा होतेय.

१४ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारचं आज लिहिते. लिहिलं नाही तर मी ते वेगळं आठवायला लागेन, इतकं मला माझ्याबद्दल आता कळलं आहे.

मधल्या सुट्टीत ती ऑफिसात फोन लावत होती. तिकडे कोणी उचलत नव्हतं. मी मागून खांद्यावर हात ठेवला आणि हसत सांगितलं, नको लावूस, मी आत्ताच आईला भेटून आले, तुझा बटवा देऊन आले, ती तुला रागावणार नाही.

"किसके हाथ में दिया?"

मी म्हटलं, आईच्याच.

तिचा चेहरा मी लिहू शकत नाही. रिसीव्हर तिच्या हातून सुटला. ती धावली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं दप्तर मागं टाकलं. फाटकाशी मी तिला गाठलं, ओरडले, अगं काय झालं, सांग तरी, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, नीट मराठीत सांग. ती वळून किंचाळली, "वो मम्मी के लिए था. मम्मी से छुपाया था मैंने. सब मम्मी से छुपाया था."

ऑटोत मी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. जयेंद्रगंजातल्या शाळेपासून छावणी किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. विश्वासराव ओसरीवरच होते, तोच पेपर. म्हणाले, "सूनबाई झोपल्यात, उठवू नका. आज फार दिवसांनी झोप लागलीय त्यांना." सोनिका त्यांच्या पायांवरून उडी मारून आत गेली.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. यशश्री जगली आहे. हे पुन्हा लिहिते. यशश्री जगली आहे.

प्रांजली दवाखान्यात आली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती रागावेल असं वाटलं, पण तिनं हळूच विचारलं, "और जो वो हिंदी में बोलती थी, ताई? ते कुठं लिहिलंय?" मी सांगितलं, ते लिहिलेलं नाही. मराठीचं रजिस्टर होतं.

सोनिकाला ती नंतर बाजूला घेऊन बसली. मला तिनं तेवढं सांगितलं, जेवढं मला सांगणं भाग होतं. घरात मराठीच बोलायचं, असा विश्वासरावांचा दंडक. आईचं दुखणं बाहेर न्यायचं नाही, हाही त्यांचाच. आणि विशेषकरून बाईंना काही सांगायचं नाही, त्या आपल्यातल्या आहेत, घरोघर जातात. अशा गोष्टी त्या मुलीला मराठीत कधी कुणी बोलूच दिल्या नव्हत्या. ती हिंदीत माझ्यापाशी आली होती, आणि मी प्रत्येक वेळी तिला घरी परत पाठवत होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यात गेले. नको जाऊस, असं हे म्हणत होते. समरजीत बाहेर बसला होता, त्यानं मान वर केली नाही. यशश्रीला जाग होती. मी कॉटजवळ उभी राहिले. माफी मागायला गेले होते, पण शब्द फुटेना, मलाच.

तीच बोलली, क्षीण आवाजात, त्या सुंदर मराठीत. "इतके दिवस सोनिका सगळं लपवायची. मला वाटायचं, कोणाला तरी मी हवी आहे. मग तुम्ही स्वतः आणून दिलंत, बाई. एवढ्या मानाच्या तुम्ही. मला वाटलं, आता कोणाचीच हरकत नाही."

करंडा पिशवीत घेऊन गेले होते, परत द्यायला. तिच्या उशाशी ठेवला. तुझ्या हातानंच द्यायचा आहेस तिला, असं सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मी प्राचार्यांना लिहून दिलं की हे काम माझ्याकडून काढा. प्रांजलीनं ते अडवलं. म्हणाली, आता तुम्हाला माहीत आहे काय ऐकायचं, आता सोडू नका. मला तेवढा विश्वास नाही, पण राहिले. नवं रजिस्टर आणलं आहे. जुन्याच्या शेवटच्या पानावर मला आठवली तेवढी सोनिकाची वाक्यं लिहून काढली, ती बोलली तशी. चार निघाली. आणखी असतील.

यशश्री घरी आली आहे. औषध चालू आहे, प्रांजली आठवड्याला जाते. विश्वासराव मला दारात पाहून आत निघून जातात.

आज सोनिका शाळेत आली. ठरलेल्या वेळी खोलीत येऊन बसली, दप्तर मांडीवर. मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं, हिंदीत विचारायचं. खोटं कशाला बोलू, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. विचारलं, "कैसी हो, बेटा? जैसे मन करे, वैसे बोलो."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे तेच, पण आता दाराकडे नव्हते.

"बरं आहे, बाई," ती म्हणाली. "पोहे खाऊन आले. आईनं केले. निघताना दारात आई होती."

एक शब्द चुकला नाही. जुलैपासून मला तिच्याकडून हवी होती तशी स्वच्छ मराठी, आणि छापील.

दप्तर उघड, असं मी म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं काही लिहिलं नाही. तिच्यासमोरच प्रांजलीला फोन लावला आणि ये म्हटलं. ती येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो, खडूच्या खोक्यांजवळ. सोनिकानं दप्तराचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला होता.